लहान मुलांच्या जुन्या डिटेक्टिव्ह पुस्तकांबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या माझ्या घरी एक गोदरेजचं कपाट आहे. त्यात साड्या असायला हव्यात असं सासूबाईंचं म्हणणं होतं. गेली अकरा वर्षं त्यात लहान मुलांची हेरगिरीची, रहस्याची, चोर पकडायची पुस्तकं आहेत आणि ती मी वाचायला देते. लोक फोन करतात, लग्नात पकडतात, भाजीबाजारात थांबवतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून ही उत्तरं एकदाच लिहून काढली.

कोणती पुस्तकं आहेत तुमच्याकडे?

मुख्य म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला जमत गेलं. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा काडीपैलवान मुलगा. पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, नको तिथे नाक खुपसतो आणि काही सुचलं की जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. त्याची वीस पुस्तकं आहेत. फुरसुंगीपासून प्रतापगडापर्यंत आणि थेट काश्मीरपर्यंत तो पोचतो.

भागवतांचाच बिपिन बुकलवारही आहे. तो पुस्तकातला किडा आणि त्याचं वाचनच त्याला कोडी सोडवायला उपयोगी पडतं. खरं सांगू? मी स्वतः फेणेपेक्षा बुकलवारसारखी होते. पण लहानपणी हे कबूल कोण करणार?

त्याशिवाय सत्यजित राय यांच्या फेलूदा या बंगाली हेराच्या गोष्टींचे अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद आहेत. खालच्या खणात इंग्रजी पुस्तकं आहेत: एनिड ब्लायटनची फेमस फाइव्ह, हार्डी बॉइज, नॅन्सी ड्रू, थ्री इन्व्हेस्टिगेटर्स. ही आमच्या लहानपणची नव्हेत. आम्ही मराठी शाळेतले, ती मी चाळिशीत वाचली.

मग जुन्या आठवणी म्हणता त्या खोट्याच की!

निम्म्या खोट्या. हा प्रश्न एका कॉलेजातल्या मुलाने विचारला होता, त्याला पुस्तक फुकट दिलं.

भा. रा. भागवत म्हणजे नक्की कोण? लेखिका दुर्गाबाई भागवतांचे कोणी का?

नावावरून हा घोळ होतो. भास्कर रामचंद्र भागवत, जन्म १९१०, निधन २००१. मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक त्यांनी चालवलं. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या त्याही त्यांनीच. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहिणाऱ्या.

मला त्यांचं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर ते मुलांशी वाकून बोलत नाहीत. वाक्यं तुरुतुरु पळतात, आवाजांचे शब्द भरपूर, आणि मधेच एखादा अवघड शब्द बिनधास्त ठेवून दिलेला. ‘बाळांनो’ वगैरे नाही. त्या काळच्या बऱ्याच बालसाहित्यात गोष्ट संपली की एक गुरुजी बाहेर येऊन तात्पर्य सांगायचे. फेणेकडे गुरुजींना वेळच नसतो, तो पुढच्या भानगडीत अडकलेला असतो.

मला एक पुस्तक शोधायचंय. नाव आठवत नाही, पण मुखपृष्ठ निळं होतं.

आठवड्यातून एकदा हा फोन येतो. मुखपृष्ठ नेहमी निळंच का असतं, हे एक रहस्यच आहे. एकाचं नव्हे, सगळ्यांचं निळं. आमच्याकडची तर सगळीच खाकी कागदाच्या कव्हरात आहेत, त्यामुळे रंग सांगून उपयोग नाही.

त्याऐवजी हे आठवून बघा. खलनायकाच्या अंगावर काही खूण होती का? लंगडायचा, एक दात सोन्याचा, शीळ घालायचा? गोष्टीत एखादं खरं गाव होतं का? मुलं खात काय होती? हसू नका, खाण्यावरून मी सर्वात जास्त पुस्तकं शोधून दिली आहेत. आलं घातलेलं लिंबूपाणी आणि सँडविच असेल तर ब्लायटन. डाळमूठ म्हणाल तर फेलूदा. मुलं उपाशी धावत असतील तर पुस्तक मराठी असण्याची शक्यता फार.

कधी कधी ते पुस्तकच नसतं. सातपूरच्या एका गृहस्थांना दीपस्तंभावरची एक गोष्ट हवी होती. दोन महिने मी पुस्तकं धुंडाळली. शेवटी ती ‘किशोर’ मासिकातली निघाली. ‘किशोर’ बालभारतीचं, १९७१ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. गृहस्थांनी अंक पाहिला आणि म्हणाले, ‘गोष्ट हीच, पण मला वाटलं होतं शंभर पानांची आहे.’ होती साडेतीन पानांची.

आणि ज्यांना फेणेचं एखादं दृश्य अगदी डोळ्यासमोर दिसतं, त्यांनी ते वाचलं होतं की पाहिलं होतं हेही तपासावं. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फास्टर फेणे झाला होता. आमच्या पिढीत बऱ्याच जणांच्या डोक्यात पुस्तकातला मुलगा त्याचाच चेहरा लावून हिंडतो.

२०१७ चा चित्रपट मुलांना दाखवू का?

दाखवा. अमेय वाघचा फेणे मोठा झालेला आहे, मोबाइल वापरतो, गोष्ट वैद्यकीय प्रवेशाच्या घोटाळ्याची आहे. दिलीप प्रभावळकर त्यात चक्क भा. रा. भागवत होतात, ते पाहून मला भरून आलं होतं. पण लहान मुलांना आधी पुस्तक द्या. नाही तर ती विचारतात, ‘हा इतका लहान कधी झाला?’

थ्री इन्व्हेस्टिगेटर्स आल्फ्रेड हिचकॉकने लिहिली ना? कव्हरवर नाव आहे.

नाही. १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली रॉबर्ट आर्थर यांनी. हिचकॉकचं नाव खपासाठी.

आणि या धंद्यात नावावर कधी जाऊच नये. हार्डी बॉइज १९२७ ची, नॅन्सी ड्रू १९३० ची. दोन्हींच्या कव्हरवरचे लेखक, फ्रँकलिन डिक्सन आणि कॅरोलिन कीन, कधी जन्मलेच नाहीत. एडवर्ड स्ट्रेटमेयर नावाच्या माणसाचा गोष्टींचा कारखानाच होता. तो कथानकाचा आराखडा द्यायचा आणि भाड्याचे लेखक पुस्तक लिहायचे. नॅन्सीची सुरुवातीची पुस्तकं मिल्ड्रेड वर्ट बेन्सन या बाईंनी लिहिली आणि कित्येक वर्षं कुणाला त्याचा पत्ता नव्हता. रहस्यकथांच्या लेखिकेचंच रहस्य! हे मला कळलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं होतं. तो ‘बरं’ म्हणून झोपला.

थ्री इन्व्हेस्टिगेटर्समधलं मला आवडतं ते त्यांचं मुख्यालय. काकांच्या भंगाराच्या आवारात, ढिगाऱ्याखाली दडवलेलं एक जुनं चाकांवरचं घर, आत जायला चोरवाटा. आमचं मुख्यालय वाड्यातल्या जिन्याखाली होतं आणि तिथे आजीच्या गोवऱ्याही असायच्या.

तुमची खरंच टोळी होती?

होती. चौघं. माझा आतेभाऊ प्रमुख, कारण सायकल त्याची. शेजारच्या सोनारकाकांचा मुलगा, कारण त्याच्याकडे भिंग. तिसरा एक अबोल मुलगा, कारण तो कायम आमच्या मागे यायचा. आणि मी. मुलगी असल्यामुळे मला ‘वही लिहिणारी’ केलं होतं. चाळीस पानी वही, कव्हरवर भारताचा नकाशा.

आम्ही पंचवटीत राहायचो. ज्यांना जुनं नाशिक माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको, की तिथे वाढणाऱ्या मुलाला रहस्यासाठी इंग्लंडच्या किनाऱ्यावर जावं लागत नाही. गंगेवर गेलं (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) की दोन तोंडांचा मारुती उभा. पूर आला की मोठी माणसं पाणी फुटात मोजत नाहीत, मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, असं मोजतात. समोर नारोशंकराच्या देवळावर ती प्रचंड घंटा, वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली. पलीकडे काळाराम. आणि नाशिकरोडला नोटांचा छापखाना! नाशिकरोडच्या प्रत्येक मुलाची पहिली केस खोट्या नोटांची असायची. तो नियमच होता.

आमची पहिली केस वेगळी होती. वहीतलं शीर्षक असं: ‘केस क्र. १. कपालेश्वराचा नंदी कोणी चोरला?’

महादेवाच्या प्रत्येक देवळात नंदी असतो. रामकुंडाच्या वरच्या बाजूला, पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वर. तिथे नंदी नाही. आतेभावाच्या हे लक्षात आलं आणि तो पायरीवरच ‘ट्टॉक’ करून थांबला. आम्ही जागेची मोजमापं घेतली. संशयित तीन: एक पुजारी, एक कबुतरं पाळणारा माणूस आणि एक फुलवाली. फुलवालीचा मी जबाब घेतला. ती म्हणाली, ‘घरी जा आणि आजीला विचार.’

आजीने पोळ्या लाटता लाटता केस उलगडली. महादेवाला ब्रह्महत्येचं पाप लागलं होतं, हातातलं कपाल सुटेना. तेव्हा नंदीनेच त्याला सांगितलं की रामकुंडात स्नान कर. पाप फिटलं. म्हणून महादेव म्हणाले, तू आता माझा गुरू, माझ्यासमोर वाहन म्हणून बसू नकोस. म्हणून इथे नंदी नाही.

दोन दिवसांत केस बंद. पण आतेभाऊ ऐकेना. म्हणाला, ‘हा जबाब झाला, पुरावा नाही.’ ते वाक्य वहीत आहे. आता तो वकील आहे.

दुसरी केस भुयाराची. सीतागुंफेतून थेट रामशेजच्या किल्ल्यापर्यंत भुयार जातं, असं आमच्या लहानपणी प्रत्येकाच्या आजोबांना माहीत होतं. हाच तो रामशेज, जो औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं हाती लागला नाही. भुयार असल्याशिवाय किल्ल्यावर धान्य पोचलं कसं, हा आमचा बिनतोड मुद्दा. सीतागुंफेत वाकून, रांगत जावं लागतं, मागून भाविकांची रांग ढकलत असते, त्यामुळे तिथे तपास अशक्य. मग दुसऱ्या टोकाकडून शोधायचं ठरलं. दोन सायकली, चार मुलं, पेठ रोडने चौदा-पंधरा किलोमीटर. आशेवाडीला पोचलो तेव्हा सोनाराच्या मुलाचा ताप चढायला लागला होता. किल्ल्यावर चढलो. पाण्याची टाकी सापडली, देऊळ सापडलं, भुयार नाही. घरी पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते आणि चारही घरची माणसं गंगेवर आम्हाला शोधत होती. मार मिळाला. वहीत एवढंच आहे: ‘भुयार बुजवले असावे.’

तिसऱ्या केसबद्दल मी सहसा सांगत नाही, पण इथे लिहिते. वाड्याच्या सार्वजनिक नळाची पितळी तोटी चोरीला गेली. ही खरी चोरी. पाणी वाया जाऊ लागलं, बिऱ्हाडकरूंची भांडणं झाली. आम्ही खरोखर तपास केला. भद्रकालीतल्या भंगारवाल्यांकडे एकेक करत गेलो आणि तिसऱ्याकडे ती तोटी टोपलीत पडलेली दिसली. कुणी आणून दिली, विचारलं. त्याने वर्णन सांगितलं. शर्टाचा रंगसुद्धा सांगितला.

तो आमच्यातलाच होता. तिसरा, अबोल. त्याच्या वडिलांची गिरणीतली नोकरी सुटली होती, हे आम्हाला नंतर मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं. मी नाव वहीत लिहिलं होतं. आतेभावाने पान फाडलं आणि घडी करून चुलीत टाकलं. त्या दिवशी कुणी ‘ट्टॉक’ केलं नाही. तो मुलगा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आला आणि आम्ही त्याला सायकलवर पुढे बसवलं.

पुस्तकात चोर नेहमी अनोळखी असतो.

आता वाचलं तर तेवढी मजा येत नाही. माझं काही चुकतंय का?

नाही, पुस्तकंच तशी आहेत. मोठेपणी दिसतं की योगायोग फार आहेत. खलनायक आपला बेत मोठ्याने बोलतो आणि मुलं नेमकी खिडकीखाली असतात. ज्याच्या गालावर व्रण तो वाईट. परगावचा, वेगळ्या बोलीचा माणूस आला की त्याच्यावर पहिला संशय. ब्लायटनमध्ये तर हे डोळ्यांत खुपतं. पोलीस इन्स्पेक्टर मुलांचं ऐकून लगेच जीप काढतात. मी एकदा मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला गेले होते, तीन तास बसले होते.

तरी एक करून बघा. गोष्ट सोडून द्या आणि फक्त मोकळीक बघा. कोण कुठे जातंय, किती वाजता घरी येतंय, कुणाला विचारतंय. बारा वर्षांचा मुलगा सायकल काढून निघून जातो आणि पाच पानं घरचे कुणीही त्याची चौकशी करत नाहीत. लहानपणी हे आम्हाला दिसलंच नाही, कारण आमचंही तसंच होतं. मला या पुस्तकांतून परत वाचायचं असतं ते हेच, चोर कोण ते नव्हे. चोर मला पाठ आहेत.

माझा मुलगा मोबाइल सोडत नाही. कोणतं पुस्तक देऊ?

पुस्तक देऊ नका. रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचा आणि चोराच्या पावलांचा आवाज आला की पुस्तक मिटून दिवा घालवा. पुढचं तुमच्या हातात नाही. कधी मूल सकाळी पुस्तक घेऊन बसतं, कधी नाही बसत. नाही बसलं तर त्याला दोष देऊ नका, आम्हीही गणिताची वही अशीच टाळायचो. आणि वाचून दाखवताना ‘आमच्या वेळी...’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्या शब्दांनी चांगली चांगली पुस्तकं मेली आहेत.

सार्वजनिक वाचनालयात नेऊन आणा हेही सांगेन. आपलं ‘सावाना’ १८४० चं आहे. त्याचं बालभवन आहे. मुलाला कपाटासमोर एकटं सोडा आणि तुम्ही बाहेर थांबा. आईवडील शेजारी उभे असले की मुलं चरित्रं उचलतात.

मुलींसाठी काय आहे?

माझ्या मते यात सगळ्यात मोठी उणीव हीच. फेणेच्या पुस्तकांत माली आहे, चुणचुणीत आहे, पण पुस्तकावर नाव फेणेचं. फेलूदाच्या गोष्टींत तर बायका औषधालाही सापडत नाहीत. फेमस फाइव्हमधली जॉर्ज मुलगी असून मुलगा व्हायला बघते, यावर आमच्या घरी दोन पिढ्यांचं भांडण झालं आहे. नॅन्सी ड्रू मात्र स्वतः गाडी चालवते.

पण एक गोष्ट बघा. फेलूदाची गोष्ट सांगतं कोण? तोपशे, त्याचा धाकटा चुलत भाऊ. सगळं पाहणारा, लिहून ठेवणारा. त्याने वही मिटली तर फेलूदा कुणाला कळला असता? हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी सुचलं आणि मी आतेभावाला फोन करून सांगितलं की टोळीची प्रमुख मी होते. त्याने हरकत नोंदवली आहे.

कुठून सुरुवात करावी? क्रमाने वाचायला हवं का?

क्रमाची गरज नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला फेणे. अकराच्या पुढे फेलूदा. त्यात प्रवास आहे, इतिहास आहे, आणि चोर थोडा हुशार आहे. ज्याला गर्दी आवडते त्याला एरिश केस्टनरचा एमिल, १९२९ चा, जर्मन. त्यात एका चोराच्या मागे बर्लिनमधली शंभरेक मुलं लागतात. मला या सगळ्या प्रकारातलं ते सर्वात शहाणं पुस्तक वाटतं. तिथे कुणी एकटा हुशार नाही.

जुन्या आवृत्त्या कुठे मिळतात? किंमत काय?

रद्दीत. किंमत वजनावर. गंमत नाही, माझं निम्मं कपाट किलोवर आलं आहे. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस रद्दीवाल्याशी ओळख ठेवा, लोक तेव्हा माळे रिकामे करतात. पुण्याला गेलात तर अप्पा बळवंत चौक. नव्या छपाईत फेणे मिळतो, त्यामुळे वाचायला म्हणून जुन्या प्रतीसाठी वेडे होऊ नका. ‘दुर्मिळ’ म्हणून अव्वाच्या सव्वा भाव सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

पुस्तकाला वास येतो, पानं पिवळी पडलीत, कसर लागलीय. काय करू?

पिवळेपणा जात नाही. मुलांची पुस्तकं स्वस्त कागदावर छापली जायची. त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ऊन आणि हवा लागली की ते तांबूस होतं आणि पान कडक होऊन मोडतं. ऊन टाळा, एवढंच आपल्या हातात.

कसरीसाठी पुस्तक झटकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून, फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. खालच्या फ्रिजमध्ये नाही, बर्फाच्या खणात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच ठेवा, म्हणजे दव पिशवीला बाहेरून धरतं, पानांना नाही. माझ्या फ्रीझरमध्ये मटारशेजारी नेहमी एखादा हेर असतो. कडुनिंबाचा पाला कपाटात ठेवा, आजीही ठेवायची, पण लागलेली कसर त्याने मरते असं समजू नका.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका! हात जोडून सांगते. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा चॉकलेटी डाग कायमचा राहतो. पातळ कागद आणि खळ, बस्स.

पुस्तक भिजलं तर? २००८ च्या सप्टेंबरच्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा सोनाराच्या मुलाच्या (आता तोच सोनारकाका) दुकानातली त्याची सगळी लहानपणची पुस्तकं भिजली. त्याने ती गच्चीत उन्हात वाळत घातली. सगळी पापडासारखी वळली. उन्हात नाही घालायची. थोड्या थोड्या पानांमागे वर्तमानपत्राचे कागद घालायचे, ते बदलत राहायचं, पंख्याखाली उभी करायची. फार असतील तर तीही फ्रीझरमध्ये, म्हणजे बुरशीआधी आपल्याला वेळ मिळतो. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. त्याचं भिंग मात्र वाचलं.

पुस्तकं कशी मिळतील? अनामत किती?

अनामत नाही. एका वेळी एक पुस्तक, वहीत नाव, तीन आठवडे. मुलाने स्वतः यायचं. आईवडिलांच्या हाती देत नाही. परत करताना मी एकच प्रश्न विचारते: चोर कोण हे तुला कितव्या पानावर कळलं? खाकी कव्हर काढायचं नाही.

दुपारी दोन ते चार येऊ नये. हे नाशिक आहे.

कुणी पुस्तक परत केलं नाही तर?

अकरा वर्षांत सव्वीस पुस्तकं गेली. सगळ्यांची नावं मला माहीत आहेत. त्यातली निम्मी माणसं लग्नकार्यात भेटतात आणि माझी नजर टाळतात. मी काही बोलत नाही. का, ते खाली.

फेणेचा एक भाग तुमच्या यादीत आहे, पण मागितला की ‘उपलब्ध नाही’ म्हणता. कुणी नेलाय?

हा प्रश्न हल्ली फार येतो, म्हणून सविस्तर.

२०२४ च्या १४ जूनला, शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, शेजारच्या सोसायटीतली नऊ वर्षांची एक मुलगी पुस्तक परत करायला आली. ‘कितव्या पानावर कळलं?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘काकू, पहिल्याच. कव्हर काढल्यावर.’

नियम मोडला होता तिने. खाकी कागदाखाली एक गोल शिक्का होता, ब्लेडने खरवडलेला, पण उजेडात तिरका धरला की वाचता येणारा. आतल्या बाजूला तारखांची चिठ्ठी. शेवटची तारीख १४ जून १९८६.

‘हे तुमचं नाहीच ना?’

नाही. आमच्या गल्लीत एक छोटं वाचनालय होतं, दिवसाला पाच पैसे दंड घेणारं. त्या उन्हाळ्यात वाडा सोडून आम्ही सिडकोत गेलो आणि हे पुस्तक माझ्या दप्तरात आलं. आलं म्हणजे मी आणलं. शिक्का मीच खरवडला. ते वाचनालय कधीच बंद झालं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने मधे बोलू दिलं नाही, फक्त ‘मग?’ एवढंच म्हणत राहिली.

मग तिने माझ्याच टेबलावर बसून हिशेब केला. अडतीस वर्षं, त्यात दहा लीप वर्षं, एकूण १३,८८० दिवस. पाच पैशांनी ६९४ रुपये. दंड कुणाला द्यायचा हे ठरेपर्यंत पुस्तक तिच्याकडे राहील, मुद्देमाल म्हणून. तिने ते पिशवीत घातलं. पंचनामा लिहायला कागद मागितला, तेव्हा मला ती जुनी चाळीस पानी वही आठवली. काढून दिली. मागे बरीच पानं कोरी होती.

‘केस क्र. ४’ तिने छान अक्षरात लिहिली आहे. आरोपीचं नाव, वय, गुन्हा कबूल. वही तिने वाचून झाल्यावर आणून देईन म्हणून घरी नेली, ती अजून आलेली नाही. गेल्या आठवड्यात जिन्यात भेटली तेव्हा मी आठवण केली. म्हणाली, ‘वहीपण जप्त आहे. पान नंबर तेवीस कुणीतरी फाडलंय.’